कोअर किती, यापेक्षा वेग किती

घरी गाणी रेकॉर्ड करायला संगणक घ्यायचा म्हटलं, की जाहिराती आधी प्रोसेसरमधले कोअर मोजून दाखवतात. खरी परीक्षा मात्र वेळेची असते. सीडीच्या दर्जाच्या ध्वनीत सेकंदाला ४४,१०० नमुने असतात आणि संगणक ते गठ्ठ्यागठ्ठ्यानं हाताळतो. गठ्ठा २५६ नमुन्यांचा ठेवला, तर त्याचं काम सुमारे ५.८ मिलिसेकंदांत उरकायलाच हवं. उशीर झाला की हेडफोनमध्ये कट्कट् सुरू. गठ्ठा १,०२४ चा केला तर ती थांबते, पण संगणकातून फिरून येणारा स्वतःचा आवाज गायकाला निदान २३ मिलिसेकंद उशिरा ऐकू येतो आणि लय डळमळते. त्यातच एका ट्रॅकवरचे इफेक्ट एकामागून एकच चालतात, कारण पुढच्याला मागच्याचा निकाल हातात लागतो. हे काम सहसा एकाच कोअरच्या वाट्याला येतं, म्हणून त्या एकाचा वेग निर्णायक.

ट्रॅक शंभर असतील तर जास्त कोअर उपयोगी नाहीत का? आहेतच, चित्रपटाचं पार्श्वसंगीत करणाऱ्यानं ते जरूर घ्यावेत. तानपुरा, तबला, पेटी आणि गळा एवढ्यासाठी ती चैन आहे (आणि तयार ट्रॅक ‘फ्रीझ’ करून भार उतरवता येतोच). वाचलेले पैसे १६ जीबी रॅम, एसएसडी आणि चांगल्या ऑडिओ इंटरफेसवर घाला. महागडं ग्राफिक्स कार्ड विसरा.