दोन श्रेयांकांचे विषय

2020 च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने पदवीच्या मुख्य विषयाभोवती कौशल्याचे आणि ऐच्छिक निवडीचे लहान विषय बसविण्याची जी तजवीज केली, तिच्यामुळे जळगाव-धुळ्याच्या महाविद्यालयीन दप्तरात तांत्रिक लेखन आणि गिटारचे प्राथमिक वादन यांसारखे विजातीय विषय शेजारी-शेजारी नोंदले जाणे शक्य झाले आहे. व्याख्यानाचे 15 तास किंवा प्रात्यक्षिकाचे 30 तास म्हणजे एक श्रेयांक, असा त्यातील हिशेब. तेव्हा दोन श्रेयांकांच्या वादनास 60 तास मिळतात आणि लेखन व्याख्यानात जमा धरले, तर त्याच्या वाट्याला 30 येतात. यात लेखनावर अन्याय होतो असे माझे मत आहे, कारण तेही ऐकून येत नाही, हातानेच घोटावे लागते.

तांत्रिक लेखन म्हणजे इंग्रजी व्याकरणाची उजळणी आणि नोकरीच्या अर्जाचा मसुदा, असा समज आपल्याकडे रूढ आहे. वस्तुतः यंत्र करणारा समोर नसताना ते चालविणाऱ्याच्या हातून बिनचूक चालावे, एवढ्यासाठी लिहिलेला मजकूर म्हणजे तांत्रिक लेखन; आणि ठिबक सिंचनाच्या उद्योगाने ज्याचे नाव दूरवर नेले, त्या जळगावास याचे उदाहरण रावेर-यावलच्या केळीबागांतच सापडते. पाण्यातील क्षार साचून ठिबकच्या नळ्या बुजल्या की आम्लप्रक्रिया करतात. तिच्या पत्रकात ‘आम्ल व पाणी एकत्र करावे’ हे वाक्य व्याकरणदृष्ट्या निर्दोष असले तरी घातक आहे, कारण संहत आम्लात पाणी ओतल्यास मिश्रण उसळून अंगावर उडते. पाणी आधी घेऊन त्यात आम्लच सावकाश सोडावयाचे असते, आणि हा इशारा कृतीच्या आधी छापला नाही तर तो छापूनही व्यर्थ. परीक्षा घ्यावयाची तर फिल्टर धुण्याचे विद्यार्थ्याने लिहिलेले पत्रक बागेतील सालदाराच्या हाती द्यावे आणि लेखकाने मुकाट्याने उभे राहावे.

गिटारच्या वर्गात अशी परीक्षा रोजच होते. बोट पडद्याच्या नेमके मागे दाबले नाही तर तार खरखरते, आणि तेथे शिक्षकाच्या शेऱ्याची गरज उरत नाही. बाराव्या पडद्यावर तारेची लांबी निम्मी होऊन तोच स्वर वरच्या सप्तकात ऐकू येतो, हे कळलेल्या मुलास भौतिकशास्त्रातील एक प्रकरण फुकट मिळाले म्हणावे. गिटारच्या सहा रेघांच्या लिपीत रेघ म्हणजे तार आणि आकडा म्हणजे पडदा. बोट कोठे ठेवावे ते ती सांगते, किती वेळ ठेवावे याविषयी मात्र बहुधा मौन पाळते. उलट पंडित विष्णु नारायण भातखंडे यांच्या स्वरलिपीत कोमल स्वराखाली आडवी रेघ, सप्तकांसाठी बिंदू आणि समेची फुली यांनी स्वर आणि ताल निश्चित होतात, पण बोटांचा प्रश्न वादकावर सोडलेला असतो. भातखंड्यांची क्रमिक पुस्तके मी तांत्रिक लेखनाच्या वर्गातही लावीन.

उरला खानदेशचा उन्हाळा. पारा 45 अंशांना भिडला आणि हवा कोरडी पडली की गिटारच्या दांडीचे लाकूड आकसते, पडद्यांच्या धातूची टोके कडेबाहेर येतात आणि बोटांना टोचू लागतात. वाद्य उन्हात तापलेल्या मोटारीत ठेवू नये, वाजवून झाल्यावर पेटीत बंद करावे, टोके बाहेर आलीच तर घरची कानस न लावता कारागिराकडे न्यावे, अशा सूचनांचे मराठी पत्रक लेखनाच्या वर्गाने तयार करावे आणि ते पुरे पडते की नाही, हे गिटारच्या वर्गाने मे महिन्यात ठरवावे.