अंगावरील चट्टा : ओळख, कारणे व उपचार

पावसाळ्यात अंगावर पुरळ, चट्टे वा खाज उठल्याच्या तक्रारी वाढतात. दमट हवा, घाम, न वाळलेले कपडे आणि एकाच खोलीत अनेकांचा वावर ही त्याची प्रमुख कारणे होत. परंतु सर्व चट्टे सारखे नसतात. काही साध्या औषधाने बरे होतात, तर एकाकडे दुर्लक्ष झाल्यास हातापायांना कायमचे व्यंग येते. हा भेद प्रत्येक कुटुंबाने समजून घेणे अगत्याचे आहे.

खाजणारे विकार

गजकर्ण बुरशीमुळे होते. चट्टा गोल, कडेला लालसर व मध्ये फिकट असून त्याला खाज सुटते. बुरशीनाशक मलम सांगितलेल्या मुदतीपर्यंत लावावे लागते. दुकानातून परस्पर आणलेल्या स्टेरॉइडयुक्त मलमाने खाज तात्पुरती थांबते, पण बुरशी अधिक पसरते.

खरूज हा सूक्ष्म किड्यांमुळे होणारा रोग आहे. बोटांच्या बेचक्यांत, मनगटावर व कमरेभोवती पुरळ येते आणि रात्री खाज वाढते. घरातील सर्वांनी एकाच वेळी औषध लावले नाही, तर रोग पुन्हा उलटतो. कपडे व अंथरूण गरम पाण्यात धुऊन कडक उन्हात वाळवावे.

न खाजणारा, बधिर चट्टा

त्वचेच्या रंगाहून फिकट किंवा लालसर चट्टा असेल, त्यास खाज नसेल आणि तेथे स्पर्श कळत नसेल, तर कुष्ठरोगाची शंका घ्यावी. रुग्णास डोळे मिटावयास सांगून कापसाच्या बोळ्याने चट्ट्याला हलकेच स्पर्श केल्यास बधिरता लक्षात येते. सुई टोचून पाहू नये.

हा रोग आनुवंशिक नाही, तसाच तो पूर्वजन्मीच्या पापाचे फळही नाही. त्याचा जंतू नॉर्वेचे डॉ. हॅन्सन यांनी १८७३ साली शोधला. उपचार न घेतलेल्या रुग्णाच्या दीर्घ सहवासात तो श्वासावाटे पसरतो. बहुसंख्य लोकांत त्याविरुद्ध नैसर्गिक प्रतिकारशक्ती असते. लक्षणे दिसण्यास अनेक वर्षे लागतात, म्हणून आज निरोगी दिसणाऱ्या घरच्यांचीही तपासणी आवश्यक ठरते.

आपल्या प्रदेशाचा अनुभव

डिसेंबर २००५ मध्ये देशातील कुष्ठरुग्णांचे सरासरी प्रमाण दर दहा हजारांमागे एकाहून खाली आले. दादरा व नगर हवेलीत मात्र ते त्यानंतरही अधिक राहिले. म्हणूनच २०१५ साली येथे रुग्णांच्या सहवासातील व्यक्तींना रिफॅम्पिसिन या औषधाची एकच मात्रा देण्याचा प्रयोग हाती घेण्यात आला. नेपाळ, श्रीलंका, इंडोनेशिया इत्यादी देशांतही असेच प्रयत्न झाले. या मात्रेमुळे पहिल्या दोन वर्षांत रोग होण्याचा धोका सुमारे निम्म्याने घटतो, असे आधीच्या अभ्यासातून दिसले होते. पुढे ही पद्धत राष्ट्रीय कार्यक्रमातही स्वीकारण्यात आली. तथापि, रुग्णाने आपले निदान लपविल्यास त्याच्या आप्तांना या संरक्षणाचा लाभ मिळू शकत नाही.

उपचार व कर्तव्य

बहुविध औषधोपचार शासकीय दवाखान्यांत विनामूल्य मिळतो. रोगाच्या प्रकारानुसार तो ६ किंवा १२ महिने घ्यावयाचा असतो. औषध सुरू झाल्यावर संसर्गाचा धोका लवकरच नाहीसा होतो. त्यामुळे रुग्णाला घराबाहेर ठेवणे, त्याचे ताट-तांब्या वेगळे करणे किंवा मुलाचे नाव शाळेतून काढणे यांस कोणताही आधार नाही. चट्टा फिका पडला म्हणून औषध मध्येच सोडू नये. मज्जातंतूंना एकदा झालेली गंभीर इजा नंतर सहसा भरून येत नाही.

शिक्षकांनी विद्यार्थ्यांच्या अंगावरील चट्ट्यांकडे लक्ष द्यावे, मात्र चारचौघांत त्याचा उच्चार न करता पालकांना विश्वासात घ्यावे. ग्रामस्थांनी शंका येताच आशा कार्यकर्ती, जवळचे आरोग्य केंद्र किंवा सिल्वासा येथील शासकीय रुग्णालय यांच्याकडे जावे. तपासणीस अर्धा दिवस खर्ची पडेल, पण त्यामुळे हाताची बोटे शाबूत राहतील.