घरगुती सर्व्हरचे तापमान आणि सांगली-साताऱ्याची हवा

घरातले फोटो, दुकानाचे हिशेब, दारावरच्या कॅमेऱ्याचे चित्रण आणि मुलांच्या अभ्यासाच्या फायली एका जागी साठवून त्या घरातल्या प्रत्येक मोबाइलला रात्रंदिवस उपलब्ध करून देणाऱ्या छोट्या संगणकाला घरगुती सर्व्हर म्हणतात. त्याचा प्रोसेसर, म्हणजे सगळी आकडेमोड करणारी सिलिकॉनची चिप, जेवढी वीज घेते तेवढी जवळजवळ सगळी अखेर उष्णतेत बदलते, आणि पेटी जितकी लहान तितकी त्या उष्णतेची बाहेर पडण्याची वाट अरुंद होत जाते.

इंटेलच्या अनेक प्रोसेसरांसाठी 100 ते 105 अंश सेल्सियस ही कमाल मर्यादा ठरलेली असते, तर रास्पबेरी पाय हा पत्त्याच्या पानापेक्षा फारसा मोठा नसलेला संगणक 80 अंशांच्या पुढे स्वतःचा वेग उतरवू लागतो आणि 85 अंशांना तो आणखी कमी करतो. या स्वसंरक्षणाला थ्रॉटलिंग म्हणतात. त्यामुळे तापलेला सर्व्हर सहसा जळत नाही, मात्र चित्रपट अडखळू लागतो, तासाभराचा बॅकअप रात्रभर रेंगाळतो आणि दोष इंटरनेटच्या माथी मारला जातो.

तापमानाचा आकडा सुटा वाचला तर तो फसवतो. हवेने थंड होणारा प्रोसेसर त्या हवेपेक्षा थंड होऊ शकत नाही, म्हणून पाहायचे ते प्रोसेसर आणि खोली यांच्या तापमानांतले अंतर. समजा, सांगलीत थंडीच्या सकाळी खोलीत 18 अंश आणि प्रोसेसरवर 48 अंश असताना जे काम सुरू होते, तेच काम मे महिन्याच्या दुपारी खोलीचा पारा 38 अंशांवर असताना सुरू आहे आणि प्रोसेसर 68 अंश दाखवतो. दोन्ही वेळी अंतर 30 अंशांचेच असल्यामुळे यंत्र बिघडलेले नाही, ऋतू बदलला आहे. तापलेल्या चिपमधून विजेची गळती थोडी वाढते आणि पंख्याचा वेगही बदलतो, त्यामुळे हे अंतर काटेकोरपणे स्थिर राहत नाही. पण तेच काम करताना ते 30 वरून 45 वर गेले असेल, तर कारण हवामानात नाही, पेटीत किंवा पेटीच्या जागेत आहे. म्हणून सर्व्हरशेजारी भिंतीवर एक साधा तापमापक टांगणे ही या सगळ्या तपासणीतली सर्वांत स्वस्त आणि सर्वांत उपयोगी गोष्ट ठरते.

कारणाचा शोध पेटी उघडून सुरू करण्याची घाई नको. आधी प्रोसेसर कशात गुंतला आहे ते पाहावे, कारण नव्याने चढवलेल्या हजारो फोटोंतले चेहरे ओळखणे किंवा चित्रफीत एका स्वरूपातून दुसऱ्या स्वरूपात बदलणे ही कामे त्याला तासन्‌तास पूर्ण ताकदीने राबवतात. चित्रफितींसाठी अनेक प्रोसेसरांत वेगळा विभाग असतो, आणि तो सेटिंगमध्ये सुरू केला की तेच काम फार कमी विजेत होते.

त्यानंतर जागा तपासावी, आणि सांगली-सातारा या दोन जिल्ह्यांत अनेकदा उत्तर इथेच सापडते. साताऱ्याच्या किंवा वाईच्या जुन्या वाड्यात जाड भिंतीतला कोनाडा अशा पेटीसाठी आयताच बांधल्यासारखा वाटतो. पण तीन बाजूंनी बंद असलेल्या त्या पोकळीत पंखा स्वतःच बाहेर टाकलेली गरम हवा पुन्हा आत ओढत राहतो. पत्र्याच्या छताखालच्या माळ्याची आणि दार लावलेल्या फडताळाची गतही तीच. कराडजवळच्या ओगलेवाडीत एकेकाळी तयार होणारा प्रभाकर कंदील जसा ज्योतीला खालून ताजी हवा देऊन तापलेली हवा वरून सोडत असे आणि ती वाट तुंबली की काजळी धरत असे, तशीच बिनपंख्याच्या सर्व्हरची सारी मदार खालून वर वाहणाऱ्या हवेवर असते. म्हणून पेटीखाली रबरी पाय आणि वर मोकळी जागा आवश्यक आहे.

धुळीचा प्रश्नही इथे ऋतूप्रमाणे बदलतो. उसाचा गळीत हंगाम सुरू झाला की बगॅसवर, म्हणजे उसाच्या चोथ्यावर, चालणाऱ्या साखर कारखान्यांच्या बॉयलरची काळी राख आणि शेतात पेटवलेल्या पाचटाची काजळी खिडकीतून घरात येते, हळद बाजाराच्या दिवसांत सांगलीच्या पेठेत पिवळी भुकटी उडते, आणि आटपाडी-जतकडे कोरड्या वाऱ्याबरोबर माती येते. ही सारी धूळ उष्णताशोषकाच्या, म्हणजे प्रोसेसरवर बसवलेल्या धातूच्या पातळ पात्यांच्या फटींत जमते. पंखा फिरताना दिसतो, आवाजही करतो, पण त्याच्या पाठीमागे नमद्यासारखा थर बसल्यामुळे हवा पुढे जात नाही. वीज बंद करून, पंख्याची पाती बोटाने धरून, ब्लोअरने आणि मऊ ब्रशने तो थर काढावा. पाती मोकळी सोडली तर वाऱ्याच्या झोताने पंखा अतिवेगाने फिरून त्याचे बेअरिंग खराब होण्याची भीती असते.

एवढे करूनही अंतर कमी झाले नाही, तरच थर्मल पेस्टकडे वळावे. वरवर गुळगुळीत दिसणाऱ्या चिप आणि धातू यांच्यामध्ये सूक्ष्म फटी राहतात, त्यांत अडकलेली हवा फारच कमी उष्णता वाहून नेते, आणि ही हवा हुसकून ती जागा भरण्याचे काम ही पेस्ट करते. काही वर्षांत ती वाळून भेगाळते. जुना थर आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसावा, नवा थेंब लहानसाच ठेवावा आणि स्क्रू समोरासमोरच्या जोड्यांनी थोडे थोडे आवळावेत, म्हणजे दाब सगळीकडे सारखा पडतो. पेटी उघडल्याने वॉरंटी जाते की काय, हे मात्र आधी पाहून घ्यावे.

महाबळेश्वरचा प्रश्न थोडा निराळा आहे. सुमारे 1,350 मीटर उंचीवर हवा समुद्रसपाटीपेक्षा साधारण एक अष्टमांशाने विरळ असते, म्हणून तोच पंखा त्याच वेगाने फिरूनही कमी उष्णता वाहून नेतो. तिथल्या गारव्यामुळे ही उणीव सहज भरून निघते, पण पावसाळ्यातल्या दमट हवेत विजेच्या जोडांना गंज धरण्याचा धोका वाढतो.

उष्णता मुळातच कमी करायची असेल, तर काही प्रोसेसरांची वीजमर्यादा बायोसमधून, म्हणजे संगणक सुरू होताना सर्वांत आधी चालणाऱ्या प्रणालीतून, कमी करता येते, आणि घरगुती कामात वेगातली घट सहसा जाणवतही नाही. मे महिन्यात जड कामे मध्यरात्रीनंतरच्या वेळेवर टाकावीत. प्रोसेसर 75 अंशांवर खुशाल चालत असला, तरी त्याच पेटीतल्या हार्ड डिस्कची मर्यादा उत्पादकांनी साधारण 60 ते 65 अंशांचीच दिलेली असते. घरातले फोटो प्रोसेसरवर नाही, त्या डिस्कवर असतात, म्हणून उन्हाळ्यात तिचे तापमान वेगळे नोंदवावे.