कागद जागेवर, स्कॅन दुसऱ्या खोलीत

अलिबाग-रेवदंड्याकडच्या जुन्या घरांत मोडी कागद अजून सापडतात. दमट, खाऱ्या हवेत ते ठिसूळ होतात, म्हणून फार हलवू नका. स्कॅनरच त्यांच्यापाशी ठेवा.

लिनक्सवर 'सेन' ही प्रणाली तो घरभर वाटून देते. स्कॅनर जोडलेल्या संगणकावर 'सेन-डी' सेवा चालू करा आणि तिच्या फाइलमध्ये तुमच्या लॅपटॉपचा आयपी पत्ता लिहा. लॅपटॉपवर 'नेट'च्या फाइलमध्ये त्या संगणकाचा पत्ता टाका.

स्कॅनर दिसतो, पण स्कॅन अडकतं? बोलणी पोर्ट ६५६६ वर होतात, चित्र मात्र वेगळ्या पोर्टवरून येतं. त्याची रेंज ठरवून फायरवॉलमध्ये उघडा, पण घरच्या नेटवर्कपुरतीच. सेन-डी चित्र सांकेतिक करून पाठवत नाही, आणि कागद जमिनीचे असू शकतात!