बियाण्यावाचून सरलेले दशक

महाराष्ट्राने 2015 मध्ये राणी पाकोळीला, म्हणजेच ब्लू मॉर्मनला, राज्य फुलपाखराचा मान दिला. त्यानंतरचे दशक उलटून गेले असताना पुण्याच्या टेकड्या आणि रस्त्यांच्या कडा पावसाळा सरता सरता मूळच्या मेक्सिकोतील कॉसमॉसने पिवळ्याधमक व्हाव्यात, ही त्या मानाची विटंबनाच होय.

आधीच्या काळाबद्दल फारसे सांगण्यासारखे नाही. शोभेची म्हणून आणलेली घाणेरी रानोमाळ पसरली, 1950 च्या दशकात गाजरगवत आले आणि बागांना हिरवळीपलीकडे काही सुचले नाही. 2010 नंतर मात्र आशा वाटू लागली, कारण 2012 मध्ये पश्चिम घाटातील जी 39 स्थळे जागतिक वारसा ठरली, त्यांत कासचे पठार होते आणि तेरडा, सोनकी पाहायला झुंबड उडू लागली. दुर्दैवाने त्या गर्दीतून देशी बियाण्याला मागणी निर्माण झाली नाही. रोपवाटिकांत तेरडा मिळे तोही भरगच्च पाकळ्यांचा, आणि अशा फुलांत पुंकेसरांच्याच बहुधा पाकळ्या झालेल्या असल्याने मधमाश्यांना पराग जवळपास मिळतच नाहीत.

काय गमावले, हे खुळखुळा या देशी रानवनस्पतीवरून कळते. त्याच्या फुलातील खालच्या दोन पाकळ्या जुळून होडीसारखा भाग होतो, ज्याला नौतल म्हणतात. पुंकेसर त्यात बंद असतात आणि काळ्या भुंग्यासारखा दमदार कीटक बसून दाब देतो, तेव्हाच टोकातून पराग बाहेर पडतो. पी ब्लू या चिमुकल्या फुलपाखराच्या अळ्या त्याच्या कळ्या-शेंगांवर पोसतात, म्हणजे तो त्यांची खाद्य वनस्पती आहे. कॉसमॉसवर मकरंदासाठी मधमाश्या येतात हे खरे, पण या अळ्यांना त्याचा उपयोग नाही.

खुळखुळा लावणे अवघडही नाही. शेंग वाळून वाजू लागली की बी पक्व झाले असे समजावे. कठीण कवचातून पाणी आत शिरत नसल्याने ते सुप्तावस्थेत, म्हणजे जिवंत असूनही न रुजता, पडून राहते, म्हणून पॉलिश पेपरवर हलके घासून, रात्रभर भिजवून, पहिल्या पावसानंतर पेरावे. तथापि गृहसंकुलांतून नेमके भाद्रपद-आश्विनात, शेंगा हिरव्या असतानाच, सारे आवार साफ कापले जाते, आणि पुढच्या जूनमध्ये त्याच मोकळ्या मातीत पुन्हा कॉसमॉसची पाकिटे रिकामी होतात.