गाडीला काही झालं तर जाब कोण विचारतं?

ऐकायला वेळ नाही पण वाचायला आहे, अशांसाठी हा आजच्या एपिसोडचा लिखित भाग. आपल्यापैकी बरेच जण हुतात्मा नाहीतर सिद्धेश्वर पकडून पुण्या-मुंबईला ये-जा करतात. तिकीट, वेटिंग लिस्ट, उशीर यावर आपण रोज बोलतो. सुरक्षेवर बोलतो ते फक्त अपघात झाला की.

२२ जानेवारी २०२५. जळगाव जिल्ह्यात पाचोऱ्याजवळ पुष्पक एक्स्प्रेसमध्ये आग लागल्याची अफवा पसरली. साखळी ओढली गेली, गाडी थांबली, लोक घाबरून शेजारच्या रुळांवर उतरले आणि तेवढ्यात त्या रुळांवरून कर्नाटक एक्स्प्रेस आली. किमान १२ जणांचा जीव गेला. ही कर्नाटक एक्स्प्रेस म्हणजे बेंगळुरूहून दिल्लीला जाताना आपल्या सोलापूरवरून जाते तीच. चौकशी रेल्वे सुरक्षा आयुक्तांकडे गेली. बातम्यांत यांनाच सीआरएस म्हणतात.

आता गंमत बघा. हे आयुक्त रेल्वे मंत्रालयाखाली येतच नाहीत, ते येतात नागरी विमान वाहतूक मंत्रालयाखाली! पहिल्यांदा वाचलं तेव्हा मला वाटलं छपाईची चूक असेल. पण कारण सरळ आहे. सॉफ्टवेअरमध्ये ज्याने कोड लिहिला, त्यालाच टेस्टिंग पास करायला देत नाहीत. १९४०मध्ये तेव्हाच्या केंद्रीय कायदेमंडळाने हेच मान्य केलं की रेल्वे तपासणारी माणसं रेल्वे बोर्डाच्या हाताखाली नकोत. १९४१मध्ये त्यांना टपाल आणि हवाई खात्याकडे दिलं, आणि पुढे तो धागा विमान वाहतूक मंत्रालयापर्यंत आला. सोलापूर-तुळजापूर-धाराशिव मार्गाचं काम चालू आहे ना, तिथेसुद्धा सीआरएसच्या तपासणीशिवाय प्रवासी गाडी धावणार नाही.

मग यात संसद कुठे येते? १९८९च्या रेल्वे कायद्यानुसार मुख्य सुरक्षा आयुक्तांचा वार्षिक अहवाल दोन्ही सभागृहांत ठेवावा लागतो. शिवाय रेल्वेची ३१ खासदारांची स्थायी समिती आहे, कॅगचे अहवाल तपासणारी लोकलेखा समिती आहे आणि खासदारांचे प्रश्न आहेत. कागदावर भरपूर दारं आहेत. पण दार ठोठावलं तरच उघडतं.

२ जून २०२३ला ओडिशात बालासोरजवळ तीन गाड्यांचा भीषण अपघात झाला. सिग्नलच्या सर्किटमध्ये काम करताना झालेल्या चुका हे कारण, असा सीआरएसचा निष्कर्ष होता. हे देशाला अधिकृतपणे कधी कळलं? जुलैमध्ये, राज्यसभेत विचारलेल्या प्रश्नाच्या लेखी उत्तरातून. कुणी विचारलंच नसतं तर?

पैशांची गोष्ट तर अजून बोलकी आहे. आपले डॉ. अनिल काकोडकर यांच्या समितीने फेब्रुवारी २०१२मध्ये रेल्वे सुरक्षेवर अहवाल दिला. पाच वर्षांत सुमारे १ लाख कोटी रुपये लागतील असा अंदाज मांडला. आणि नियम करणं, गाड्या चालवणं आणि देखरेख ही तिन्ही कामं रेल्वे बोर्डाकडेच आहेत, म्हणून कायद्याने वेगळं रेल्वे सुरक्षा प्राधिकरण करा, असं सांगितलं. ते प्राधिकरण अजून झालेलं नाही.

पैसा मात्र २०१७मध्ये आला. राष्ट्रीय रेल संरक्षा कोष, पाच वर्षांत १ लाख कोटी. दरवर्षी १५ हजार कोटी अर्थसंकल्पातून आणि ५ हजार कोटी रेल्वेने स्वतःच्या कमाईतून टाकायचे. डिसेंबर २०२२मध्ये कॅगचा अहवाल संसदेत आला. हिशेब असा: चार वर्षांत रेल्वेने २० हजार कोटी टाकायला हवे होते, टाकले ४,२२५ कोटी. आणि या सुरक्षेच्या निधीतून पाय दाबायची मशिनं आणि क्रॉकरीसुद्धा घेतली गेली होती. माझ्या मते हा आकडा टीव्हीवर आठवडाभर चालायला हवा होता. तो चालला सहा महिन्यांनी, बालासोर झाल्यावर. (बालासोरचं कारण सिग्नलचं होतं आणि कॅगचा अहवाल गाड्या रुळांवरून घसरण्यावर होता. तेव्हा दोन्ही एकात घालू नका, व्हॉट्सॲपवर खूप जणांनी घातलं होतं.)

सरकारचीही बाजू आहे. गंभीर रेल्वे अपघात २०१४-१५मध्ये १३५ होते, २०२४-२५मध्ये ३१. आकडा खरा आहे आणि चांगलाही आहे. फक्त 'अपघात' कशाला म्हणायचं, याची व्याख्या रेल्वेची आहे. रुळ ओलांडताना मरणारे त्यात धरत नाहीत. काकोडकर समितीने हे मृत्यू वर्षाला सुमारे १५ हजार सांगितले होते, त्यातले सुमारे ६ हजार एकट्या मुंबईच्या लोकल मार्गांवर. म्हणजे खासदाराने 'अपघात किती?' विचारलं तर एक उत्तर, 'रुळांवर किती माणसं मेली?' विचारलं तर अगदी वेगळं.

कवचचंही तसंच. ड्रायव्हरने लाल सिग्नल ओलांडला तर आपोआप ब्रेक लावणारी ही यंत्रणा. तिच्या सुरुवातीच्या चाचण्या लिंगमपल्ली-विकाराबाद-वाडी भागात झाल्या, आणि वाडी म्हणजे सोलापूर विभागाचं टोक. आपल्या अगदी दारात! बालासोरनंतर संसदेत उत्तर आलं की कवच १,४६५ किलोमीटरवर बसवलंय. एका वर्षाने पुन्हा विचारलं, उत्तर तेच, १,४६५. रुळांवर वाढ शून्य, हे दोन उत्तरं शेजारी ठेवल्यावरच दिसलं.

ही उत्तरं तुम्हालाही वाचता येतात, फुकट. संसदेच्या वेबसाईटवर प्रश्नोत्तरांच्या विभागात खासदाराचं नाव आणि रेल्वे मंत्रालय निवडा, पीडीएफ येते. सोलापूर विभागाची गाडी सोलापूर, माढा, धाराशिव, कलबुर्गी अशा बऱ्याच खासदारांच्या मतदारसंघांतून जाते. त्यांनी थांबे आणि नव्या गाड्या किती वेळा मागितल्या आणि सुरक्षेवर किती वेळा विचारलं, हे मोजायला अर्धा तास पुरतो. मेल करायचा असेल तर 'सुरक्षेकडे लक्ष द्या' असं लिहू नका. असं लिहा: दौंड ते वाडी मार्गावर कवच किती किलोमीटर बसलं, किती इंजिनांत बसलं आणि बाकीचं कोणत्या तारखेपर्यंत बसेल? प्रश्नाची नोटीस साधारण १५ दिवस आधी द्यावी लागते, म्हणून मेल अधिवेशन सुरू व्हायच्या आधी गेला पाहिजे. सध्या लोकसभेत रेल्वेची उत्तरं बुधवारी येतात.