परमुलखी पडलेली नावे : ‘मालवणचा’ आणि ‘मालवणी’

मराठीत स्थलनामावरून विशेषण साधण्याच्या दोन रीती नित्याच्या आहेत. पहिलीत ‘चा’ हा प्रत्यय लागतो व तो लिंगवचनाप्रमाणे बदलतो : मालवणचा समुद्र, मालवणची पेठ, मालवणचे खाजे. दुसरीत ‘ई’ लागतो व तो अविकारी राहतो : मालवणी मसाला, मालवणी बोली, मालवणी जेवण. सामान्यतः या दोहोंना समानार्थक समजण्यात येते. परंतु गिरगावपासून लालबागपर्यंतच्या पेठांतून कोकणच्या जिन्नसांची नावे कानांवर पडू लागली, म्हणजे दोन्ही प्रत्ययांची कामे निराळी आहेत हे ध्यानात येते. ‘चा’ वस्तूचा उगम सांगतो. ‘ई’ तिची जात किंवा रीत सांगतो. आणि ही दुसऱ्या प्रकारची नावे वस्तूला तिच्या गावी क्वचितच मिळतात. ती बहुधा परमुलखी पडतात.

कोकण हा जुना प्रांत; प्राचीन ग्रंथांत ‘अपरान्त’ या नावानेही तो ओळखला जातो. राज्यकारभाराच्या सीमा येथे वारंवार फिरल्या. १९८१ साली रत्नागिरीतून सिंधुदुर्ग निराळा झाला, त्याच वर्षी कुलाब्याचे रायगड झाले, आणि २०१४ मध्ये ठाण्यातून पालघर निघाले. जिल्ह्यांची नावे पालटली तरी जिन्नसांची नावे मात्र जुन्याच गावांना आणि बंदरांना धरून राहिली.

लालबागच्या मसाल्याच्या बाजाराचे उदाहरण या दृष्टीने फार बोलके आहे. उन्हाळ्याच्या आरंभी वर्षाचा मसाला करून घेण्यासाठी येथे गिऱ्हाइकांची दाटी होते. मिरच्या निवडून घ्यावयाच्या, धने, दगडफूल, नागकेशर, बाद्यान, जायपत्री, खसखस, हळकुंड हे सारे याद पाहून वजन करून घ्यावयाचे, भाजून घ्यावयाचे आणि कांडपावर देऊन कुटून न्यावयाचे, असा हा क्रम असतो. आता या पिशवीत काय काय आहे ते स्थलनामांच्या अंगाने पाहावे. रंगासाठी ब्याडगी, हे गाव कर्नाटकातील हावेरी जिल्ह्यातले. चवीसाठी संकेश्वरी, संकेश्वर बेळगाव जिल्ह्यात. तिखटपणासाठी गुंटूर आंध्रातून, आणि पुन्हा रंगासाठी काश्मिरी. हळकुंड बहुधा ‘राजापुरी’. हे नाव तेवढे कोकणचे वाटते. पण राजापुरी म्हणून ओळखली जाणारी हळद पिकते आणि विकली जाते ती प्रामुख्याने सांगलीकडे! मिरची ही वनस्पतीच मुळी अमेरिकेतील. पोर्तुगिजांच्या व्यापारामार्गे ती सोळाव्या शतकात आपल्याकडे आली. मालवणच्या मातीतून उगवलेले असे या पिशवीत जवळजवळ काहीच नाही, आणि तरीही ती निःसंशय मालवणी मसाल्याचीच पिशवी होय.

मग यात मालवणी ते काय? प्रमाण. कोणती मिरची किती, धने किती, काय कोरडे भाजावे आणि काय तेलावर परतावे, याचे ज्ञान. ही याद घरोघर थोडी निराळी असते आणि बहुधा सासूकडून सुनेकडे जाते. म्हणूनच ‘मालवणचा मसाला’ असे कोणी म्हणत नाही. मालवणातल्या घरात तो नुसता ‘मसालो’ असतो; त्याला विशेषण लावण्याची तेथे गरजच काय? शेजारच्या खोलीत साताऱ्याचे बिऱ्हाड असून तेथे कांदालसणीचे तिखट कुटले जात असेल, तेव्हाच भेद दाखविणारा शब्द लागतो. असे शेजार गिरणगावाने घडविले. मुंबईची पहिली कापडगिरणी १८५६ मध्ये ताडदेवला सुरू झाली, आणि पुढे परळ-लालबागच्या चाळींतून कोकण आणि देश यांची बिऱ्हाडे एका सज्ज्यावर आली. ‘घाटी’ आणि ‘कोकणी’ ही माणसांची नावेही याच सज्ज्यावर रुळली, आणि ती नेहमीच प्रेमाने उच्चारली गेली असे नाही.

हाच न्याय बोलीलाही लागू पडतो. ग्रियर्सनच्या भाषिक सर्वेक्षणाच्या १९०५ सालच्या सातव्या खंडात सावंतवाडीकडील बोलीची नोंद ‘कुडाळी’ या नावाने आहे. आज ‘कुडाळी’ हे नाव अभ्यासकांपुरते उरले असून सर्वसामान्य नाव ‘मालवणी’ हे झाले आहे. १९८० मध्ये गंगाराम गवाणकरांचे ‘वस्त्रहरण’ रंगभूमीवर आले आणि मच्छिंद्र कांबळी यांनी ते गावोगाव नेले. त्यामुळे या नावावर शिक्कामोर्तब झाले. कणकवलीचा, वेंगुर्ल्याचा, देवगडचा मनुष्य लालबागेत ‘मालवणी’ ठरतो, आणि पुढे स्वतःलाही तसेच म्हणवून घेतो. गावाकडे मात्र तो आपल्या वाडीचे नाव सांगेल. कुडाळ मागे पडून मालवण का पुढे आले, याचे एक कारण मला बंदरात दिसते. कुडाळ आत आहे. मुंबईशी दळणवळण होते ते किनाऱ्याचे, आणि परक्याला ठाऊक असते ते बंदर.

हा प्रकार केवळ मराठीपुरता नाही. जपानात जुने प्रांत मोडून १८७१ मध्ये नव्या प्रशासकीय विभागांची व्यवस्था आली. पण प्रांतांची नावे जिन्नसांवर टिकून राहिली. हिझेन प्रांतातील आरिता येथे घडणारी चिनीमातीची भांडी इमारी बंदरातून बाहेर जात, म्हणून जगाने त्यांना ‘इमारी’ म्हटले. सात्सुमा प्रांताचे उदाहरण तर अधिकच मार्मिक आहे. रताळ्याला बाकीच्या जपानात ‘सात्सुमा-इमो’, म्हणजे सात्सुमाचा कंद, असे म्हणतात. सात्सुमाचे लोक मात्र त्याला ‘कारा-इमो’, म्हणजे चीनकडचा कंद, असे म्हणत आले. प्रत्येक जण वस्तूला ती जिकडून आपल्याकडे आली तिकडचे नाव देतो. आपल्याकडे बोंबिलाच्या इंग्रजी नावात मुंबई आहे, कोळ्यांच्या तोंडच्या नावात नाही, हेही याच जातीचे.

भाषेतील हा भेद आता कायद्याच्या दारी येऊन उभा आहे. वस्तूंच्या भौगोलिक निर्देशकांचा १९९९ चा अधिनियम २००३ मध्ये अमलात आला. वस्तूचा गुण, लौकिक वा अन्य वैशिष्ट्य हे मुख्यतः तिच्या भूमीमुळे असावे, आणि घडविलेल्या वस्तूंच्या बाबतीत उत्पादन, प्रक्रिया वा सिद्धता यांपैकी एखादे तरी काम त्या भूमीत व्हावे, अशी त्याची मागणी आहे. म्हणजे कायदा ‘चा’ या प्रत्ययाच्या अर्थाने विचार करतो. पैठणीचे यात निभावले. तिचे विणकाम आज मुख्यतः येवल्यास चालत असले तरी २०१० मध्ये तिची नोंद झाली, कारण माग कोठे आहेत हे दाखविता येते. लालबागेत कुटलेल्या मसाल्याचे काय? त्याचे एकही काम मालवणात होत नाही. त्याचा वारसा ज्यांच्यापाशी आहे, त्या गिरणी कामगारांच्या घरांतील स्त्रिया होत. १९८२ च्या संपानंतर यांपैकी कित्येक घरे लालबागेतूनही उठली, डोंबिवली-विरारकडे गेली, आणि यादही त्यांच्याबरोबर गेली. नकाशावर रेघ ओढून हा वारसा दाखविता येणार नाही. माझ्या मते येथे कायद्याची व्याख्या अपुरी पडते. ‘ई’ प्रत्ययाला तिच्यात जागा नाही.

याउलट उदाहरण आंब्याचे. ‘हापूस’ हा शब्द पोर्तुगीज व्यक्तिनाम ‘अफोंसो’ यावरून आला. ‘आफूस’ या रूपातील महाप्राण पुढे सरकून आद्य स्वराला चिकटला आणि ‘हापूस’ झाले. दादरच्या बाजारात या आंब्याला गावाचे नाव लागते, पण कसे? ‘देवगडचा हापूस’ किंवा नुसते ‘देवगड हापूस’. घाई असेल तर ‘एक पेटी देवगड’. ‘रत्नागिरी’ला ‘ई’ लागत नाही याचे कारण ते नाव मुळात ईकारान्त आहे, असे म्हणता येईल. पण ‘देवगड’ला तशी अडचण नाही, आणि तरीही ‘देवगडी हापूस’ असे गिऱ्हाईक म्हणत नाही. कारण येथे रीत नको आहे, उगमच हवा आहे. त्या बागेचा, त्या कातळाचा आंबा हवा, आणि त्याचेच पैसे मोजावयाचे आहेत. शेजारच्या पेटीतील कर्नाटकचा आंबा दिसावयास तसाच असला तरी तो ‘देवगड’ होऊ शकत नाही. २०१८ मध्ये रत्नागिरी, सिंधुदुर्ग, रायगड, ठाणे व पालघर या पाच जिल्ह्यांच्या हापूसची नोंदणी झाली, तेव्हा कायद्याने जी रेघ ओढली ती दादरच्या गिऱ्हाइकाच्या प्रत्ययांत पूर्वीपासूनच होती. फरक इतकाच, की गिऱ्हाइकाची रेघ याहून बारीक आहे. रत्नागिरी आणि देवगड यांना तो एका पेटीत घालू देत नाही.